भाऊजींवर मर्दानी गोळ्यांचा उपाय

नंदुरबार, १४ जानेवारी १९४६. संक्रांत.
मुंबईहून व्ही.पी. आली, पैसे मोजून पार्सल सोडवलं. गोळ्यांच्या दोन बाटल्या, टपालासह सव्वीस रुपये चार आणे. एक माझी. अंगातून वाफा निघतात म्हणून डॉक्टरांनी बायकांच्या ग्रंथींच्या गोळ्या सांगितल्या. दुसरी, मोठी, भटूभाऊजींची, पुरुष-ग्रंथींची. ती डॉक्टरांनी सांगितली नाही, इंग्रजी जाहिरात वाचून मीच मागवली. नाहीतर मॅट्रिक झाल्याचा उपयोग काय?
भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. वय तेवीस, कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. जेवण नाही, बोलणं नाही. गेल्या महिन्यात सारंगखेड्याच्या यात्रेत सगळे घोडे बघत होते, तेव्हा भाऊजी तापी नदीत गळ्यापर्यंत उतरले. बाहेर काढल्यावर माझ्या कानात म्हणाले, "वहिनी, मी आतून बाईमाणूस शे. हाई आंग मन्हं नही." ह्यांना सांगितलं नाही. साधी गोष्ट आहे. पुरुषपणा कमी पडला म्हणून मन खचलं. आमटीत मीठ कमी तर मीठ घालावं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बरे करायचे आणि लग्न लावायचं. दत्ताचे गुरुवार धरले.

१५ जानेवारी
रिकाम्या बाटल्या गफूर अत्तरवाल्याला विकल्या. गोळ्या दोन करंड्यांत भरल्या. पितळी माझा, लाकडी भाऊजींचा. चिठ्ठ्या डकवल्या नाहीत, कागद वाया. माझ्या लक्षात राहतं. भाऊजींना सांगितलं, ताकदीच्या आहेत, रोज एक.

२ फेब्रुवारी
भाऊजींना सकाळी ओकाऱ्या. उत्तम. उदासी बाहेर पडते आहे.
माझ्या वाफा तशाच.

२१ फेब्रुवारी, गुरुवार
भाऊजी दोन भाकरी जेवले! चुलीपाशी बसून गुणगुणत होते. जिनिंगमधले मेले अजून "भटूबाई" म्हणून चिडवतात. घरी येऊन रडले, पण रडून झाल्यावर जेवले. पूर्वी रडतही नसत, नुसते भिंतीकडे बघत. दाढी करायची वेळ तेवढी वाईट, आरसा पालथा घालून ठेवतात. तेही जाईल. पुरुषपणा भरतो आहे.

११ मार्च
शेजारच्या इचरजबाईंशी धुण्याच्या दगडावरून भांडण. त्या म्हणाल्या, दगड आमचा. मी तो एकटीने उचलला आणि त्यांच्या उंबऱ्यात नेऊन टाकला. त्यांचे यजमान जेठमल शेटजी दुकानातून पाहत राहिले. उपासाने एवढी शक्ती येते हे ठाऊक नव्हतं.

२९ मार्च
आरती म्हणत होते. साबिरा मणेरीण बांगड्या घेऊन दाराशी आली आणि म्हणाली, "भाभी, घरमें कोई मर्द मेहमान है, मैं बादमें आती." घरात मी एकटी. घसा बसला आहे, बाकी काही नाही.
जेवताना हे माझ्या तोंडाकडे बघत बसले. "ह्या मॅट्रिकन्या मिशा शेतस का वं?" म्हणे. मी ताटावरून उठले. नंतर आरशात पाहिलं. आहेत.

८ एप्रिल
कोरीट गावचे लोक मुलगी दाखवायला घेऊन आले. भाऊजी तिच्याशी तासभर भरतकामाच्या टाक्यांवर बोलले, दोघं खदखदून हसली. मुलीची आई म्हणाली, असा मोकळा जावई भाग्याने मिळतो. पसंती झाली! उपाय शंभर टक्के लागू.
पाहुणे गेल्यावर भाऊजी एवढंच म्हणाले, "वहिनी, त्या पोरले फसवू नका." लाजतात.

१५ एप्रिल
मिशांसाठी डॉक्टरांकडे गेले. पितळी करंडा पुढे केला. त्यांनी गोळीवरचा छाप पाहिला, मग मला पाहिलं, मग चष्मा काढला. "बाई, या पुरुषांच्या आहेत. तुमच्या कोण खातंय?" म्हटलं, सांडल्या. त्यांनी मला दोन महिने काहीही न घेण्याची ताकीद दिली.
करंडे बदलले गेले. माझ्याकडून. कबूल. पण सायन्सने विचार केला. चुकीच्या गोळीने भाऊजी इतके सुधारले, तर बरोबर गोळीने दुप्पट सुधारतील. आजपासून बरोबर, ताकात कुटून.

२६ एप्रिल
भाऊजींनी ताट भिरकावलं. दिवसातून दोनदा दाढी, गालाची सालटी निघाली. म्हणतात, "आंगमा कोनी दुसराच घुसी ऱ्हायना." झोप नाही. धीर धरायचा. जुना रोग जाताना लाथ मारून जातो.

१ मे
भाऊजी म्हणाले, पहिल्या गोळ्या द्या. मी म्हटलं, याच त्या. ते म्हणाले, "वहिनी, मॅट्रिक मी बी शे. पहिल्याच दिनले छाप वाचा व्हता. त्या तुमन्या व्हत्यात. तीन महिने मी मन्हा आंगमा ऱ्हायनू. बोलनू नही, तुम्ही त्या काढी लेतात म्हणीसन."
मी रागावले. मग स्वयंपाक करपला.

४ मे
सकाळी भाऊजी घरात नव्हते. रमजान टांगेवाल्याने तापीच्या वाटेवरून उचलून आणले. चप्पल नाही, ओठ वाळलेले. पायांना तूप चोळलं. त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत.
मर्दानी गोळ्या चुलीत घातल्या. सहा-सात रुपयांचा माल, कसला भयंकर वास! माझ्या उरलेल्या गोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या. केवळ पोटाला थंडावा म्हणून.
कोरीटला नकार कळवला. कारण विचारलं तर पत्रिका जुळत नाही.

६ मे
भाऊजी अर्धी भाकरी जेवले. ह्यांनी विचारलं, भटूला झालंय काय? म्हटलं, माझ्या मिशांकडे बघा, भाऊजींकडे बघू नका. हे ओसरीवर गेले.
आज टाकायच्या पत्राची नक्कल :
"रा. रा. औषधविक्रेते, मुंबई, यांस. आपल्याकडील बायकांच्या गोळ्यांच्या दोन बाटल्या व्ही.पी.ने पाठवाव्यात. पुरुषांची एकही नको. मागील वेळी एक पुरली नाही, कारण घरात आम्ही दोघी आहोत. धाकटीजवळ फक्त दहा गोळ्या उरल्या आहेत. माल शिल्लक आहे की नाही, ते कृपा करून उलट टपाली कळवावे."