दहा लाख अठरा हजार एक्याऐंशी

९ मार्च, रविवार

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. हसून घेतलास की तोंड वाकडं करून, ते तूच जाणे. इकडे सगळे ठीक. सगळे म्हणजे मी आणि दुकानातली घड्याळं.

तुझं पार्सल मिळालं. एवढ्या दिवसांनी पाठवलंस काय, तर बंद पडलेलं मनगटी घड्याळ! आणि चिठ्ठीत एकच ओळ : 'दुरुस्त करून परत पाठव.' 'कशी आहेस' लिहायला शाई संपली होती का गं?

बिघाड किरकोळ होता, तेल सुकलं होतं. पण मागचं झाकण उघडलं आणि आत नंबर दिसला, १०१८०८१. मग बाबांचा नियम आठवला. नंबर कोणत्या संख्यांच्या गुणाकारातून आलाय, हे जी आधी सांगेल तिनेच किल्ली द्यायची. कशानेच भाग गेला नाही तर संख्या मूळ, आणि किल्ली बाबा देणार. आता बाबा नाहीत. दुकान बंद करायला मी नाही म्हटलं, म्हणून तूही नाहीस. पण नियम तो नियम.

बसले भागत. दोन, तीन, पाच बघताक्षणी बाद. साताने एक उरला. तेराने बारा उरले, एकासाठी घोडं अडलं! तू असतीस तर 'सरक, तुला नाही जमायचं' म्हणत पेन्सिल ओढली असतीस. गिऱ्हाईक गेलं की मी पुढची मूळ संख्या घ्यायची, आणि बाकी उरली की खरं सांगते, बरं वाटायचं. तोवर घड्याळ माझ्याकडेच राहणार होतं ना.

नऊशे सत्त्याण्णवपर्यंत पोचले. हजार गुणिले हजार दहा लाख, आणि हा नंबर त्याच्याच आसपासचा. म्हटलं, पुढे बघायला नको. मूळच आहे, मालकिणीसारखी हट्टी! किल्ली द्यायला बाबा नाहीत, म्हणून न देताच डबीत कापूस घातला, तुझा पत्ता लिहिला, रडून घेतलं आणि काल पोस्टात गेले.

खिडकीतला माणूस म्हणाला, "साधारण आठवड्यात पोचेल."

साधारण! बाबांचा आवाजच कानात आला, 'घड्याळजीच्या घरात आसपास, साधारण असलं काही नसतं!' अगं, वरचे अठरा हजार मी सोडूनच दिले होते. डबी त्याच्या हातातून ओढून घेतली. तो बघतच राहिला.

पुढची मूळ संख्या एक हजार नऊ. भागलं, बाकी शून्य. उत्तर काय आलं? पुन्हा एक हजार नऊच. आत दुसरं कुणी नाहीच, तीच ती दोनदा. आणि मी नेमकी एक संख्या आधी हात टेकले होते. तूही एकच ओळ लिहून थांबलीस. अजून एक लिहायची होतीस गं.

तर किल्ली मी दिली. घड्याळ मस्त चालतंय. पोस्टाने मात्र पाठवणार नाही. आठवडाभरात किल्ली उतरेल, आणि बाबांच्या दुकानातलं घड्याळ तुझ्या हातात बंद पडलेलं पोचायचं नाही. घ्यायला तूच ये. तुझ्या स्टुलावर मी अजून कुणाला बसू देत नाही. फार आठवण येते.

तू येईपर्यंत तुझ्या घड्याळाला रोज सकाळी किल्ली देणारी,
धाकटी