उरलेले पाच सेकंद

४ मार्च
गेली एकदाची फाइल! पाठवायचा प्रोग्राम मी स्वतः लिहिला, ते जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन. भाची म्हणाली होती, "मामी, एक बटण दाबलं की जातं गं!" जात असेल. मला माझ्या हाताने पाठवायचं होतं.
यांनी आजारपणात जुन्या रेकॉर्डरवर वन्संसाठी बोलून ठेवलेलं. ऐकवायचा धीर मला वर्षाने आला. सासूबाईंच्या दुखण्यात ताई फिरकली नाही, असं हे चारचौघांत बोलले, तेव्हापासून बहीणभावांचा अबोला. नऊ वर्षं! हे गेले तेव्हाही वन्सं दारातूनच परतल्या.

५ मार्च
भाचीचा फोन. "आई ढसाढसा रडली. मामा दोनदा माफी मागतो!"
दोनदा? मला एकतीस वर्षांत एकदाही नाही!

६ मार्च
माझ्याकडचं पुन्हा ऐकलं. "चुकलं माझं, ताई. चुकलं." मग खाकरून, "पण तूही काही कमी नव्हतीस!" संपलं.
भाचीने वन्संकडची फोनवर ऐकवली, तिच्यात त्यापुढे परत — "चुकलं माझं, ताई. चुकलं." आणि त्यांची फाइल माझ्याहून मोठी! वाटेत बाळसं धरलं की काय?

७ मार्च
सापडलं. गाढवपणा माझाच.
फाइल एका दमात जात नाही. थोडी थोडी बफरमध्ये घ्यायची नि पुढे पाठवायची. बफर म्हणजे पाटीच समजा. पण कुणी पुसत नाही, जुन्यावरच नवं लिहितात. माझ्या पाटीवर आठ सेकंद मावतात. शेवटच्या खेपेला तीनच आले — "कमी नव्हतीस"वाले. खालचे पाच आधीच्या खेपेचे, तसेच राहिलेले. मी अख्खी पाटी पाठवली!
किती मिळालं तो आकडा यंत्र दर खेपेला सांगतं. तेवढंच पुढे द्यायचं. मी आकड्याकडे बघितलंच नाही.

८ मार्च
दुरुस्ती एका ओळीची. पाठवायचं धाडस होईना.
वन्सं "बघते, येईन" म्हणाल्यात म्हणे. खरी फाइल गेली तर शेवट टोमण्यावर! आणि आवाज यांचाच, शब्द यांचेच. मी काय पदरचं घातलं? गप्प बसावं. चूक इतकी गुणी निघेल असं वाटलं नव्हतं.
पण त्या भांडखोर माणसाची मी गोगलगाय केली. हे आज असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.
असते तर.

९ मार्च
पाठवली. सोबत लिहिलं — आधीच्यातले शेवटचे पाच सेकंद माझी चूक, त्यांची माफी नव्हे.
दिवसभर फोन गप्प. दूध उतू गेलं, भाजी करपली.

१० मार्च
वन्संचा फोन. स्वतःहून! "रडले गं तेव्हा, पण मग वाटलं, हा इतका गरीब कधीपासून? तूच जोडकाम केलं असशील, म्हणून पाऊल उचलेना. काल ऐकला माझा भाऊ! शनिवारी येते. रेकॉर्डरमध्ये नवे सेल घाल. कमी नव्हतीस म्हणतो काय — मलाही बोलायचंय!"