दहा गॅलनचं पिंप

सॉल्टपाँड, ३ जून १८८१

चि. एकोव यास आराबाचे अनेक आशीर्वाद.

अक्षर प्रार्थनाघरातल्या कारकुनाचं आहे. मान्साकडून हे लिहून घेण्यासारखं नव्हतं. तुझी ही भाची तुझ्याच शाळेतून सुट्टीला आली ती दोरी घेऊनच. रांजण मोजला, चूल मोजली, मी हसले. काल मात्र व्यापाऱ्याच्या वखारीत जाऊन तिनं तिथं तेल मोजून घेणाऱ्या आपल्या क्वेगिरमामांच्या मापाच्या पिंपाला दोरी गुंडाळली, आत काठी बुडवली, आणि तेल विकायला आलेल्या सगळ्या बायकांसमोर म्हणाली की हे पिंप दहा गॅलनचं नाही, मोठं आहे. वीस वर्षं आम्ही त्यातच पामतेल ओततोय आणि दहाच गॅलनचे पैसे घेतोय. मामा एवढंच म्हणाले की मास्तरानं पढवलेलं दिसतंय.

खरं सांग, पढवलंस का? आपल्यात मामाचं सगळं भाच्याकडे जातं. त्यांच्यामागे घर तुझं, मान तुझा. तुला घाई झाली आहे का? रागाव हवं तर, पण उत्तर पाठव.

तुझी ताई


केप कोस्ट, ८ जून

ती. आराबाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि जेवण तसंच टाकून लिहायला बसलो. आमच्या गणिताच्या पुस्तकात विलायतेतल्या गव्हाची मापं आहेत. गहू इथं कुणी पाहिलाय? म्हणून मी मुलींना घरची भांडी मोजायला लावतो. मामांचं नाव वर्गात कधी काढलं नाही. आणि ताई, उद्या जे माझं होणार, ते आज भरत असेल तर मी त्याला भोक कशाला पाडू?

मान्सा चुकलीही असेल. बाहेरून दोरी धरली की लाकडाची जाडीही मापात येते. तिच्यावर विसंबू नकोस, माझ्यावरही नको. सरकारी शिक्क्याचा एक गॅलनचा डबा सोबत पाठवतो. त्यानं पिंपात पाणी ओतून बघ. एकटीनं मात्र नको, चारचौघींसमोर.

मनात किंतु राहिला तरी माया राहू दे.

तुझा एकोव


सॉल्टपाँड, १९ जून

चि. एकोव यास अनेक आशीर्वाद.

बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. मामा वखारीत, म्हणजे मलाही वाटा मिळत असणार, असं एकीनं तोंडावर सुनावलं. म्हणून सगळ्यांना बोलावलं, मामांनाही.

दहा डबे झाले, पिंप भरलं नव्हतं. अकरावा ओतताना सगळ्याजणी पिंपात बघत होत्या. मामा माझ्याकडे बघत होते. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. बाराव्याला पाणी काठाला लागलं.

मामा म्हणाले, पिंप गोऱ्याचं, मी नुसता मोजणारा. मी म्हटलं, आमची आई तुमची सख्खी बहीण, तीही मरेपर्यंत यातच तेल ओतत होती. त्यावर ते खाली बसले.

आता डब्यानं मोजल्याशिवाय कुणी तेल देत नाही. व्यापाऱ्यानं चार दिवस वखार उघडलेली नाही. आधी कोण दमतं ते बघायचं. मामांकडे रोज जेवण पाठवते. भांडं रिकामं परत येतं, निरोप काही येत नाही.

तुझ्यावर संशय घेतला, तो मागे घेते. पण मामांचं घर कधीतरी तुझ्या हाती येईल, तेव्हा त्यात आईचं किती आणि या बायकांचं किती, हे मांडायला बस. मुलींना शिकवतोस, तुला जमेल.

माझ्याकडून माया कमी झालेली नाही. तुझ्याकडूनही होऊ देऊ नकोस.

तुझी ताई