चौसष्ट ठोके

प्रिय नाना,

टप्-टप्, टप्-टप्! सडकेच्या कडेनं येणारी आपल्या कवडी घोडीची ती चाल आज दुपारी पुन्हा कानावर आली आणि मी ताटावरून उठून ओट्यावर धावलो. कवडी जाऊन चार वर्षं झाली, तू जाऊन दोन. मग हे कोण? अरे, कवडीची लेक ओवी! आणि तिच्या पाठीवर तुझी लेक सुमी! उद्या दोघी त्याच शर्यतीत उतरतायत. पारोळ्याहून धुळे आणि धुळ्याहून परत पारोळा. हे तुला नाही कळवायचं तर कोणाला?

 

आठवतं का, धुळ्याच्या त्या निवृत्त रिसालदारांनी ही शर्यत भरवायला परदेशी नियमांचं इंग्रजी पुस्तक आणलं होतं? तेव्हा आपल्या आळीत टीव्ही एकच होता आणि इंग्रजी वाचणारा मास्तरही एकच, मी. कंदिलाची काच पुसावी तसा एकेक नियम लख्ख करून मी तुला मराठीत सांगायचो. आधी पोचला तो जिंकला असं नाही. जनावरांचा डॉक्टर घोडा तपासणार, लगाम धरून पळवून बघणार, लंगडला तर बाद. आणि पोचल्यावर अर्ध्या तासात त्याच्या काळजाचे ठोके मिनिटाला चौसष्टच्या आत आले नाहीत, तरी बाद!

मला तर ती कविताच वाटली. जग जिंकून आलेल्या घोड्याला आधी शांत व्हायला सांगणारा नियम! वर्गात चालीवर कविता म्हणतो तसा मी तो नियम म्हणून दाखवला, तर तू हसलास, ''बापू, तुन्हा कवितामाना घोडाले पानी लागत नही. मनी कवडीले लागस!''

काय तयारी केलीस रे! पहाटे सडकेवर, दुपारी केळीच्या बागेच्या सावलीत. कवडीच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे हात ठेवून तू ठोके मोजायचास आणि मी घड्याळ धरायचो. मोजताना मला श्वासही मोठ्यानं घेऊ द्यायचा नाहीस.

आणि तो दिवस! धुळ्याच्या थांब्यावर दहा मिनिटांत ठोके साठवर. डॉक्टर म्हणाले, ''ही घोडी आहे की साधू?'' परतीला तू सगळ्यांच्या पुढे. बाजाराच्या मैदानावर धूळ उठली, तुझा लाल फेटा दिसला, आणि ढोल कडाडला! मागोमाग ताशे, फटाके, गुलाल. आपल्याकडे जिंकून आलेल्याला गुपचूप कोण घरात घेतं? पण कवडीला काय ठाऊक, ढोल तिच्याच कौतुकाचा आहे! तिचे कान ताठ, डोळे पांढरे. तू ओरडत होतास, ''बंद करा रे!'' ऐकतंय कोण? डॉक्टरांनी नळी लावली. ब्याऐंशी. मग शहात्तर. अर्धा तास संपला तेव्हा अडुसष्ट.

चार ठोके, नाना. फक्त चार!

तू भिका ढोलीला विचारलंस, ''कोणी बोलावलं तुला?'' भिकानं गर्दीत एकवार माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ''मनी हौस शे, नाना. कोनीच सांगं नही.'' त्या दिवसापासून तू आपल्या ओट्यावर त्याचा ढोल वाजू दिला नाहीस. पोळ्यालासुद्धा नाही. तोही पुन्हा पायरी चढला नाही.

नाना, त्याला मी बोलावलं होतं. आदल्या दिवशी त्याच्या घरी जाऊन सांगून आलो होतो, ''फेटा दिसला की असा वाजव, की धुळ्याला ऐकू गेला पाहिजे.'' तो चौसष्टचा नियम मराठीत करणारा मीच, आणि विसरणाराही मीच! मनात तुझ्या विजयाचं चित्र एवढं मोठं झालं होतं की त्यात कवडीच्या काळजाला जागाच उरली नाही. तू बरोबर म्हणायचास, कवितेतल्या घोड्याला पाणी लागत नाही.

तुला सांगायला अकरा वर्षं होती. तूही कधी विचारलं नाहीस, असं का रे? कळलं होतं का तुला? धाकट्याला सांभाळून घेतलंस का? मग भिकाला का नाही घेतलंस?

सुमीला आजच सगळं सांगितलं. ती ओवीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, मग म्हणाली, ''काका, उद्या फक्त लोकांना गप्प बसवा. बाकी आम्ही दोघी बघतो.'' पारोळ्याला गप्प बसवायचं! त्यापेक्षा बोरी नदी उलटी वाहवणं सोपं. पण तुला वचन देतो, उद्या सुमी दिसली की त्या मैदानावर टाळीसुद्धा वाजणार नाही. आणि डॉक्टरांनी चौसष्टच्या आतला आकडा सांगितला की मी भिकाच्या दारी जाईन, चारचौघांत त्याची माफी मागेन आणि

थांब हं, ओट्याखालून कोणी हाक मारतंय. या तिन्हीसांजेला कोण?

नाना! भिका आलाय! केस पांढरे, हात रिकामे. पायरीखालीच उभा आहे. म्हणतो, ''मास्तर, सकाय सुमीनी घोडी येई. ढोल घर ठेई उनू. कोनी ताशा काढा ते त्याना हात धरसू.'' उद्या ताशा काढणाऱ्याचा हात हा धरणार, नाना!

त्याला हाताला धरून वर आणतो आधी.

तुझा,
बापू