सतरा एके सतरा, बाकी शून्य

लोणावळा, मंगळवार

चि. गोरख यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतोस की नुसती बाटली उशाशी ठेवून झोपतोस? माझी तब्येत उत्तम आहे, फक्त डोकं फिरलेलं आहे. फोन न करता पत्र लिहिते, कारण तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि अर्धं वडगाव ऐकतं.

विषय तुझ्या मानसीच्या लग्नाचा. (दचकू नकोस, मुलगा चांगलाच आहे.) साखरपुड्यात मी सांगितलं होतं, की लग्नाची तारीख दोनदा जोडून लिहिली की मूळ संख्या व्हायला हवी. तिला जसं कुणी भागू शकत नाही, तसं त्या जोडप्याला कुणी तोडू शकणार नाही. म्हणून पंचवीस साल मी नाकारलं, शेवटी पाच येतो. सव्वीस नाकारलं, दोनाने भाग जातो. तू कुरकुरलास, नवरामुलगा बिचारा हसत थांबला, आणि मी २५ एप्रिल २०२७ काढली. २५०४२०२७२५०४२०२७. सोळा आकडे! दोनपासून बारापर्यंत प्रत्येकाने मी स्वतः भागून पाहिलं, एकानेही भाग गेला नाही. बाराच का, ते विचारू नकोस. आमच्या कॉन्व्हेंटात पाढे बारापर्यंतच होते; त्यापुढे सिस्टर काटा-चमचा कसा धरायचा ते शिकवत. मुलाची आत्या, त्या कामशेतच्या सारिकाबाई (मराठी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या), तेव्हा नुसत्या म्हणाल्या, "बघा हं, विहीणबाई." त्या 'हं'ने माझा तोल गेला आणि मी सगळ्यांसमोर बोलून बसले, की भाग गेलाच तर लग्नात माइकवर तीसपर्यंत पाढे म्हणेन.

काल चिक्कीच्या कारखान्यात गेले. वऱ्हाडाला द्यायच्या डब्यांवर तो आकडा छापून घ्यायचा होता. तिथला धोंडिबा पन्नास वर्षं चिक्की कापतो. चिक्की गरम असतानाच भराभर चौकोन पाडावे लागतात, त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की त्याच्या सारख्या रांगा पाडून बघायची त्याला खोड. मी म्हटलं, धोंडिबा, ही मूळ संख्या आहे, हिच्या रांगा पडत नाहीत. "आसं व्हय?" म्हणाला, आणि डब्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिल घेऊन बसला. आधी तेराने पाहिलं, मग सतरा धरले. तोंडात पाढा, हातात भागाकार, दाढेखाली शेंगदाणा. (बाराच्या पुढे जायचं काही कारण नाही, असं मी दोनदा बजावलं.) शेवटी खाली सतराच उरले. "सतरा एके सतरा, बाकी शून्य. बाई, ह्येच्या तर लय झ्याक रांगा पडत्यात की!" आणि वर मला कौतुकाने एक तुकडा दिला. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, नोकरीत कुणाची माझी चूक काढायची छाती नव्हती. आणि हा चौथी पास माणूस चिक्की चघळत काढतो! तुकडा मी खाल्ला नाही. घरी येऊन खाल्ला.

तुझी,
अक्का

ता. क. लग्नाची तारीख बदल. सोळा मे घे. हॉलवाल्याशी मी बोलते.

ता. क. दुसरा : बदलू नकोस. आज सोळा मे घेऊन गेले, तिलाही सतराने भाग गेला. तेवीस मे, तीस मे, तुझा वाढदिवस, माझा वाढदिवस, सगळ्यांना गेला. धोंडिबा म्हणतो, आठ आकडी तारीख दोनदा लिहिली म्हणजे तिला दहा कोटी एकाने गुणलंच, आणि त्या दहा कोटी एकातच सतरा दडलेले आहेत. म्हणजे पोरांना मी दोन वर्षं उगाच थांबवलं. हे वाक्य मानसीला वाचून दाखवू नकोस.

ता. क. तिसरा : लहानपणी दिवेलागणीला तू परवचा म्हणायचास आणि मी कानात बोटं घालून बसायचे. तुझी ती पाढ्यांची उजळणी अजून ट्रंकेत असेल. पापडांच्या पिशवीत अगदी तळाशी घालून पाठव. सारिकाबाईंना कळता कामा नये. बारापर्यंतची पानं फाडून ठेवलीस तरी चालेल. ती मला येतात.