चितळाचा कॉल

चि. कामिनी,

आशीर्वाद. भिवापुरात तुम्ही सारे बरे असाल, चंपतरावांचा गुडघा बेताने दुखत असेल. मी सुखरूप परतले. (सुखरूप म्हणजे हाडं चाचपून पाहिली, सगळी जागेवर आहेत.) फोनवरच सांगितलं असतं, पण तू मध्येच हसतेस.

पेंच, कान्हा, पचमढी. पाच दिवस, बसने. ही टूर तू आणि माझ्या अश्विनने मिळून माझ्या गळ्यात बांधली. "मन रमेल आई. आलीस की बाबांचा नंबर बंद करून टाकू," असं तो म्हणाला. म्हणजे मी डोंगर पाहायचे आणि त्याने तुझ्या भाऊजींचा फोन मुका करायचा! मी तो फोन चार्जरसकट पर्समध्ये घालून निघाले.

बस सुटते त्या व्हेरायटी चौकातच अपमान सुरू झाला. खिडकीची नऊ नंबरची सीट मी दोन महिने आधी सांगून ठेवलेली. टूर मॅनेजर हर्षित (वय माझ्या प्रेशर कुकरइतकं) माईकवरून म्हणतो, "आंटी, तुम्ही सिंगल आहात ना, मागं ॲडजस्ट होऊन जा. इथं कपल बसून राहिलं." सिंगल! चौतीस वर्षं संसार केला, आणि हा मला सिंगल म्हणतो, जणू मी लग्नाचीच राहिले. मी म्हटलं, "काहून रे बाबू, तुझ्या यादीत विधवेचा रकाना नाही का?" त्याने माईक तेवढा बंद केला. बसवलं मागेच, चाकावर. सातपुडा लोकांनी डोळ्यांनी पाहिला, मी मणक्यांनी वाचला.

कान्ह्याच्या फाटकाअलीकडे सकाळी आम्ही बसमधून उतरलो. गाइडने हात वर केला, दबक्या आवाजात म्हणाला, "चूप! कॉल आला." झालं! अडतीस माणसांनी खिसे चाचपले. माझी सीट बळकावून बसलेले कृष्णकांत तर "हॅलो, हॅलो" करत रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले. गाइडने कपाळाला हात लावला. "बाप्पा, मोबाइलचा नाही, चितळाचा!" वाघ हलला की चितळ ओरडतं, त्याला जंगलात कॉल म्हणतात. त्या हॅलोने वाघ आल्या वाटेने परत गेला असेल.

आता हसू नकोस. हे मला माहीत होतं वं. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात होतं, दवाखान्यात तुझ्या भाऊजींना मीच मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तरी "कॉल आला" म्हटल्याबरोबर माझा हात पर्समध्ये गेला. आणि माझ्या नाही, यांच्या फोनवर पडला. असा राग आला मला! गाइडचा, हर्षितचा, सगळ्यात जास्त माझा.

पुन्हा म्हणून अशा बसची पायरी चढणार नाही.

तुझी,
प्रेमिलाताई

ता. क. पचमढीला धूपगडचा सूर्यास्त बरा होता. (चांगला होता. तिथे हर्षितने मला सगळ्यांच्या पुढे उभं केलं, हेही लिहिते, नाहीतर पाप लागेल.) पुढच्या महिन्यात त्याची मेळघाटची बस आहे. तुझी-माझी सीट सांगून ठेवली. खिडकी माझी.

आणखी एक. अश्विन तुझं ऐकतो. त्याला म्हणावं, नंबर राहू दे. आणि एखाद्या दुपारी तूच त्यावर रिंग देत जा. मी उचलणार नाही. नुसती वाजू दे.