पाण्याच्या आवाजापुढचा भाग

प्रिय अश्विनी,

पत्राच्या कोपऱ्यात गावाचं नाव लिहायचं असतं, हे अंगणवाडीत जन्म काढलेल्या बाईला कळतं. तरी ते मुद्दाम गाळलंय, पुढे येईलच. अजिनाथला सांगून ठेवलंय, की पडदा पडून, टाळ्या संपून, तुझ्या वायरी गुंडाळून झाल्या की मगच हे पाकीट द्यायचं. म्हणजे आता तू नगरच्या त्या नाट्यगृहात मागच्या बाजूला कुठेतरी उभी असशील आणि नवरा समोर घुम्यासारखा उभा असेल. त्याला काही विचारू नकोस, आधी वाच. दौऱ्यावर येणार की नाही, याचं उत्तर तुझ्या सरांना आजच द्यायचंय ना? त्याच्या आत हे वाचून होऊ दे.

दौऱ्याचं मला अजिनाथकडून कळलं. दिवाळीनंतर सहा महिने गावोगाव फिरणारं बालनाट्य, आणि त्यातल्या आवाजाची सगळी बाजू तुझ्याकडे. त्यावर तू काय म्हणालीस, तर घरी विचारते. तुझं ते घरी विचारणं मला चांगलं ठाऊक आहे. घरच्यांनी हो म्हटलं तरी तूच काहीतरी आडवं घालणार. लेकीची, संस्कृतीची शाळा, पेरूचा हंगाम, नाहीतर आईंचे गुडघे. माझ्या गुडघ्यांनी तुझं काय घोडं मारलंय, हे मला अजून समजलेलं नाही.

तुला आठवतं का, लग्नानंतरचा पहिला उन्हाळा होता. तू चहा गाळता गाळता थांबलीस आणि म्हणालीस, मोटार कोरडी चालतेय. अजिनाथ हसला. मळा केवढा लांब, मध्ये अख्खी वस्ती, तुला काय हितनं ऐकू येतंय, म्हणाला. तरी नव्या बायकोचा मान ठेवायला म्हणून गेला, तर विहिरीतलं पाणी खाली गेलेलं आणि मोटार जळायच्या बेतात. त्या दिवशी मी तुझ्याकडे नीट पाहिलं. तू कॉलेजात एकांकिकांना पडद्यामागून आवाज द्यायचीस हे मला त्यानंतर तुझ्या आईकडून कळलं. तू स्वतः कधी बोलली नाहीस. नगरच्या त्या नाटकातल्या आवाजाच्या कोर्सची जाहिरातसुद्धा मोबाईलवर काढायचीस आणि कुणी आलं की मोबाईल पालथा घालायचीस. शेवटी मीच वैतागून म्हटलं, की बाई, एकदा जा आणि शिकून ये, म्हणजे मोबाईलला जरा सरळ झोपता येईल.

तू गेल्यापासून गावाला बोलायला एक विषय झाला. साळूबाई आपली चुलत घरातली, तिला तर राहवेचना. ‘सून नगरला डीजे शिकाया गेली म्हनं. आता लग्नात बॉक्स लावनार व्हय?’ मी तिला बसवून सांगितलं, की नाटकात दार वाजतं पण तिथे दार नसतंच, ते आमची अश्विनी कॉम्प्युटरवरून वाजवते. पाऊस पडतो पण कुणी भिजत नाही. साळूबाईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मंग दारच का आनत न्हाईत?’ तुझ्या सरांना विचारून ठेव.

पण मला तुझ्या कामाची गोडी लागली ती तू आवाज मागायला लागलीस तेव्हा. आई, मोबाईलवर गिरणी धरून पाठवा, एसटी वळताना धरा, शाळा सुटल्यावर धरा. मी धरायची आणि वर माहितीही द्यायची, की ही आपली पिठाची गिरणी, हा आता पट्टा सरकला, ही रामहरीची बायको आली. तू खो खो हसायचीस. आई, तुम्ही बोलायचं नाही, नुसतं धरायचं. माझ्यासारख्या बाईला तोंड मिटायला लावलंस, तिथेच तू परीक्षा पास झालीस असं मी समजते. मग तू आवाजाचं पुढचं-मागचं नको असलेलं बोटाने ओढून कापायलाही शिकवलंस. पडद्यावर ती रेघ आखूड झाली की मला फार बरं वाटायचं, शेंगेच्या शिरा काढल्यासारखं.

आणि मग तू पाणी मागितलंस. आजच्या नाटकातली ती बाई पहिल्यांदाच एकटी रानात पाणी भरते, तिथे हवं होतं. इंटरनेटवरचं पाणी तुला पटेना. ते नदीचं वाटतं, मातीत शिरणारं नाही, म्हणालीस. मी सकाळी लाइट आल्या आल्या पेरूच्या बागेत गेले आणि तुला हवं तसं पाणी पाठवलं. तू लिहिलंस, आई, हे फार सुंदर आलंय, पण असं मध्येच का संपलं? मी लिहिलं, चार्जिंग संपलं.

चार्जिंग संपलं नव्हतं. मी पडले होते. पाणी सरीतून पुढे येत होतं आणि मी मोबाईल त्याच्याजवळ धरून, नजर पाण्यावर ठेवून, उलट्या पावली मागे सरकत होते. टाच ओल्या बांधावरून घसरली आणि घोटा आत मुडपला. मोबाईल गवतावर पडून इमाने इतबारे सगळं धरत राहिला. माझं ‘अगं आई गं’, अजिनाथचं धावत येणं, आणि तू सरी तुडवतोयस कशाला म्हणून मी त्याला दिलेल्या शिव्यासुद्धा. ते सगळं मी नंतर कॉटवर पडल्या पडल्या बोटाने ओढून कापलं आणि राहिलेलं पाणी तुला पाठवलं. तू शिकवलेली विद्या मी माझंच बोंबलणं कापायला वापरली.

कॉट कोपरगावच्या दवाखान्यातली आहे. घोट्याचं हाड मोडलं होतं, पट्टी आणि स्क्रू टाकून झालेत, ऑपरेशन चांगलं झालंय. डॉक्टर रोज येऊन पायाची बोटं हलवायला लावतात आणि मी हलवते. काळजीसारखं काही असतं तर मी एवढी वटवट करत लिहिलं नसतं, हे तुला कळेलच.

इतके दिवस मी फोन का केला नाही, तेही आता कळलं असेल. तुझ्याशी फोनवर खोटं बोलायची सोय राहिलेली नाही. मागे एकदा मी घरीच आहे म्हटलं, तर तू म्हणालीस, आई, हा पंखा साळूकाकूंचा आहे. इथे तर सारखी ट्रॉली खडखडते आणि सिस्टर मोठ्याने नावं पुकारतात. तुला पहिल्या हॅलोलाच समजलं असतं. म्हणून घसा बसलाय असं लिहिलं. तू मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्यास, त्या मात्र मी केल्या. त्यात तेवढं तरी खरं असावं म्हणून.

एक गोष्ट सांगू? ऑपरेशनला नेताना मला तूच हवी होतीस. मुलगा शेजारी उभा होता तरी मी म्हटलं, अश्विनीला बोलावून घे. त्याने लगेच नंबर काढला. तेवढ्यात मला आठवलं, की तुमच्या रंगीत तालमी सुरू झाल्यात, आणि तू एकदा इथे आलीस की परत जायची नाहीस. मी त्याच्या हातातून मोबाईल हिसकावला. तो भयंकर चिडला. ‘तिला कळल्यावर ती मला घरात घेईल व्हय?’ म्हणाला. तेव्हा त्याला घरात घे. तो गेले काही दिवस तुझ्याशी फोनवर ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे बोलला नाही, कारण तिसरा शब्द बोलला असता तर त्याला रडू आलं असतं.

आणि त्या पाण्याला दोष देऊ नकोस, स्वतःला तर मुळीच नाही. मी त्या बागेत निम्मं आयुष्य चालले, पडायचं होतं तेव्हा पडले. घरी सगळं नीट आहे. संस्कृती साळूबाईकडे झोपते आणि तिच्याकडून अशा म्हणी-शिव्या शिकतेय की तू आल्यावर कानात बोटं घालशील. अजिनाथच्या भाकरीला कोपरे येतात, पण भाजलेली असते. आज नाटकात ते पाणी वाजलं असेल, लोकांनी ऐकलं असेल, या विचाराने मी सकाळपासून इथल्या सगळ्या पेशंटांचं डोकं खाल्लंय. मला तुझा फार अभिमान वाटतो, अश्विनी. हे फोनवर कधी म्हणता आलं नसतं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. पाय मोडल्याची बातमी द्यायला अजिनाथचं एक वाक्य पुरलं असतं. पण ते ऐकून तू काय केलं असतंस हे मला दिसतंय. सरांना नाही म्हणाली असतीस, वर त्यांचीच माफी मागून माझ्या उशाशी येऊन बसली असतीस. माझा पाय तर दौरा निघायच्या आत जुळेल. मी चालायला लागेन आणि तू घरात बसलेली असशील, ते मला बघवायचं नाही. घर सांभाळायला मी आहे, तुझा नवरा आहे, साळूबाई आहे. तेव्हा सर तिथेच कुठेतरी असतील, आधी त्यांच्याकडे जा आणि हो म्हण. मग मला भेटायला ये. मी वाट बघतेय, अगदी डोळे लावून बघतेय. पण अजिनाथने गावातल्या हनुमंतची गाडी मागून आणलीय आणि त्याला मी बजावून पाठवलंय, की तू हो म्हणालेली स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय किल्ली खिशातून बाहेर काढायची नाही.

तुझीच,
पाय बांधलेली आणि तोंड मोकळं असलेली
आई